स्लाइडवर फिरता रेणू, तोही नेटशिवाय

जुलैत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या कॉलेजात सेमिनार असला की वीज आणि नेट, दोन्ही बेभरवशाची. त्यामुळे स्लाइडवर माउसने फिरवता येणारा रेणू हवा असेल, तर लागणारं सगळं आदल्या दिवशीच लॅपटॉपवर उतरवून घ्या.

पॉवरपॉइंट सोडायचंच नसेल तर कायमेराएक्स या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्राममधून रेणू जीएलबी (थ्रीडी मॉडेलची) फाइल म्हणून सेव्ह करा आणि 'थ्रीडी मॉडेल्स'मधून स्लाइडवर टाका. मॉर्फ ट्रान्झिशनने (स्लाइड बदलताना वस्तू सरकवणारा परिणाम) तो झकास वळतो. पण तो नुसता आकार असतो. एखाद्या अणूवर बोट ठेवून 'हा कोण?' विचारलंत तर उत्तर मिळत नाही. प्रश्नोत्तरं होणार असतील तर रिव्हील.जेएस (ब्राउझरमध्ये स्लाइड दाखवणारं) आणि थ्रीडीमॉल.जेएस (वेबपानावर रेणू दाखवणारं) ही जोडीच बरी.

उदाहरणाला हिमोग्लोबिन घेऊ. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून ४एचएचबी ही फाइल उतरवा: चार प्रथिनसाखळ्या, चार हीम (लोह धरणारे गट). ती, थ्रीडीमॉलची फाइल आणि रेणूचं छोटं एचटीएमएल पान एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पानात थ्रीडीमॉलची चौकट करताना 'डेटा-पीडीबी' लिहू नका. त्याने रेणू दर वेळी नेटवरून येतो. 'डेटा-एचरेफ' लिहून फोल्डरातल्या फाइलचं नाव द्या. चौकटीला रुंदी आणि उंची द्यायला विसरलात तर पान कोरंच दिसेल.

साखळ्या कार्टून (फितीसारख्या) शैलीत, हीम काड्यांच्या शैलीत दाखवा. हीम निवडताना 'हेटरो' म्हणजे साखळ्यांबाहेरचं सगळंच घेऊ नका. स्फटिकातलं पाणीही त्यातच मोडतं, आणि रेणूभोवती लाल ठिपक्यांचा पाऊस पडतो. नेमकं 'एचईएम' हे हीमचं नावच द्या. पार्श्वभूमी पांढरी ठेवा. जुन्या प्रोजेक्टरवर काळ्यावरचं गडद लाल काहीच दिसत नाही.

कोकमाच्या सालीतलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल दाखवायचं असेल तर पबकेम या रसायनांच्या संग्रहावरून एसडीएफ (रेणूची रचना असलेली) फाइल घ्या, पण थ्रीडीवालीच. टूडी घेतलीत तर रेणू घावनासारखा सपाट.

आता नेहमीची फसगत. पानावर डबल क्लिक केलं की चौकट उघडते, पण आत रेणू नाही. फाइल बिघडलेली नसते. थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचायला ब्राउझर मनाई करतो. त्याच फोल्डरात टर्मिनल उघडून 'पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर' चालवा (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत) आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० वर जा. याला नेट लागत नाही.

रेणूची चौकट थेट स्लाइडच्या मजकुरात घातली तर रिव्हील ती पडद्याच्या मापाने ताणतं, आणि क्लिक एका अणूवर केली तरी भलताच निवडला जाऊ शकतो. त्यापेक्षा रेणूचं पान 'डेटा-बॅकग्राउंड-आयफ्रेम'मध्ये द्या (आयफ्रेम म्हणजे पानात बसवलेलं दुसरं पान) आणि सोबत 'डेटा-बॅकग्राउंड-इंटरअ‍ॅक्टिव्ह' लिहा. त्या स्लाइडवरच्या मजकुरावर मग क्लिक होत नाही, तेवढं चालवून घ्या.

रेणू फिरवल्यावर क्लिकर बंद पडल्यासारखा वाटतो, कारण कळांचा ताबा आयफ्रेमकडे गेलेला असतो. कोपऱ्यातल्या बाणावर एकदा क्लिक करा, पुन्हा चालू.

आणि सगळे रेणू एकाच पानात कोंबू नका. क्रोम एका वेळी साधारण १६ वेबजीएल (ब्राउझरमधल्या थ्रीडी चित्रांच्या) चौकटीच जिवंत ठेवतो. त्यापुढची उघडली की सर्वांत जुनी कोरी होते. रेणूगणिक पान वेगळं असेल तर मागे पडलेल्या स्लाइडची आयफ्रेम रिव्हील स्वतःच बंद करतं.