डुप्लिकेट ओळी काढताना या चुका टाळा

एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबवर ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ हे बटण आहे. यादी हातात आली की नवीन मुलं आधी तेच दाबतात. मी कित्येक वर्षं सभासदांच्या याद्या साफ करते आहे, आणि माझ्या कामात ते बटण सगळ्यात शेवटी येतं.

सगळ्यात महागात पडते ती नावावरून ओळ काढण्याची चूक. एका पतसंस्थेच्या लाभांशाची यादी होती. आपल्या गावांत निम्म्या घरांचं आडनाव एक, त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे कधीकधी आजोबा-नातवाचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव जुळतं. हाताखालच्या मुलाने ‘नाव’ आणि ‘गाव’ या दोनच रकान्यांवर टिक ठेवून बटण दाबलं. १७ ओळी गेल्या. एक्सेल किती ओळी गेल्या ते सांगतं, कोणत्या गेल्या ते सांगत नाही. दोन महिन्यांनी एक आजोबा पासबुक घेऊन एसटीने आले आणि विचारलं, “माझं नाव का कापलं?” मूळ फाइल शोधून ओळ न् ओळ ताडली, तेव्हा त्या १७ मधले सहा जण खरोखरचे वेगळे सभासद निघाले.

तेव्हापासून मी सभासद क्रमांकाशिवाय ओळ काढत नाही. क्रमांक नसेल तर नाव, जन्मतारीख आणि मोबाइल तिन्ही जुळले पाहिजेत. नुसत्या मोबाइलवर तर मुळीच जाऊ नका, घरातल्या चौघांचा नंबर एकच दिलेला असतो.

दुसरी चूक बँक खात्यांची. काही बँकांचे खाते क्रमांक १६ आकडी असतात आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच धरतं. क्रमांक संख्या म्हणून टाकला की सोळावा आकडा शून्य होतो. म्हणून रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण डुप्लिकेट मोजायला ‘काउंटइफ’ हे सूत्र लावलं की ते टेक्स्टमधल्या आकड्यांनाही संख्या समजतं आणि शेवटच्या आकड्यात फरक असलेली दोन खाती एकच दाखवतं. हा घोळ लक्षात यायला मला एक अख्खा दिवस लागला. आता मी शेजारी एक जादा रकाना घेते, प्रत्येक क्रमांकाच्या आधी ‘ख’ हे अक्षर जोडते आणि त्या रकान्यावर मोजते. अक्षर आलं की त्याला संख्या समजता येत नाही.

एकच रकाना निवडून बटण दाबलं तर एक्सेल निवड वाढवायची का, असं विचारतं. तिथे घाईने ‘नाही’ म्हटलं तर तेवढाच रकाना वर सरकतो आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या रकमेसमोर येतं.

नावामागे रिकामी जागा राहिली तर एक्सेलला तेच नाव वेगळं वाटतं. ती ‘ट्रिम’ या सूत्राने जाते, पण वेबवरून चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी जागा, म्हणजे दिसायला तशीच पण एक्सेलसाठी वेगळं चिन्ह असलेली जागा, जात नाही, ती ‘सबस्टिट्यूट’ या सूत्राने बदलावी लागते.

‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ एक्सेलला दोन वेगळी आडनावं वाटतात. इथे डोळ्यांनीच वाचायला हवं, त्याला जवळची वाट नाही.

एक्सेल वरची ओळ ठेवतं आणि खालची काढतं. म्हणून ताजी नोंद वर येईल अशी यादी आधी तारखेने लावून घ्या, नाहीतर जुना पत्ता राहतो आणि नवा जातो.

माझी सवय सांगते. फाइलची प्रत करायची. पहिल्याच रकान्यात १, २, ३ असे मूळ क्रमांक घालायचे. जुळणाऱ्या ओळी रंगवायच्या, एकेक वाचायची आणि काढायच्या त्या ‘काढलेल्या’ नावाच्या वेगळ्या शीटवर हलवायच्या. हजारभर नावांना यात एक दुपार जाते. मुलं म्हणतात, एवढा वेळ कशाला? मी त्यांना ती सहा नावं वाचून दाखवते. ‘काढलेल्या’ची शीट मी पुढची वार्षिक सभा होईपर्यंत पुसत नाही.