नर्सरीतलं रोप आणि खताचं पोतं: घेताना काय बघायचं

जून लागला की आपल्या बेळगावात खानापूर रोड असू दे नाहीतर हिंडलग्याकडं जाणारा रस्ता, कडेला रोपांचे टेम्पो लागतात आणि शेजारी पांढऱ्या पोत्यातलं ऑरगॅनिक खत. घरातली मंडळी फुलं बघून जास्वंद, गुलाब उचलतात, गणपतीपर्यंत त्यातली बरीच गेलेली असतात आणि मग "आमचा हातच लागत नाही ओ झाडाला" म्हणायचं. हाताचा काही संबंध नसतोय. रोप आणतानाच त्याची मुळं गेलेली असतात, मातीखाली असतात म्हणून दिसत नाहीत एवढंच.

इथल्या बऱ्याच नर्सऱ्या रोपं स्वतः तयार करत नाहीत, आणून विकतात. शोभेची झाडं आंध्रातनं, राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून नर्सऱ्यांचा मोठा पट्टा आहे तिकडनं, काही पुण्याच्या उरुळी कांचन बाजूनं, आणि आंबा-काजूची कलमं घाट चढून कोकणातनं. आणून विकण्यात वाईट काही नाही, पण लांबच्या प्रवासात माती सुटू नये म्हणून मुळांभोवती चिकट मातीचा गोळा असतोय आणि तो वाळला की विटेसारखा घट्ट. आपण तो तसाच भुसभुशीत कुंडीत लावतो, पाणी घातलं की ते बाजूच्या मोकळ्या मातीतनं खाली पळतंय, गोळा आतनं कोरडाच, आणि आपण वरची माती ओली बघून खूश. पावसात याच्या उलटं, गोळा एकदा भिजला की दिवसच्या दिवस सुकत नाही आणि मुळं कुजतात, जास्त पावसाच्या खानापूर-जांबोटी बाजूला तर हमखास.

म्हणून दुकानातच पिशवी दाबून बघा. दगडासारखी लागली तर रोप घेऊ नका असं नाही, पण घरी आणून थेट लावू नका. बादलीत पाणी घेऊन अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, मग बोटानं बाहेरची माती हळू धुवून काढा, साधारण निम्मी गेली तरी पुरे, सगळी मुळं उघडी करायला जाऊ नका. हे काम जून-जुलैत ढगाळ दिवशी करायचं, एप्रिलच्या उन्हात नाही. आणि बोगनवेलीला हा प्रयोग नको, तिला मुळं हलवलेली अजिबात चालत नाहीत, तिचा गोळा फक्त बाजूनं थोडा सैल करायचा.

मुळं बघायला मागा. जरा अवघड वाटतंय पण मागा, "मामा, जरा पिशवीतनं काढून दाखवा की" म्हटलं की चांगला माणूस दाखवतोय, आणि जो चिडतोय त्याच्याकडनं घेऊच नका. मुळं पांढरट किंवा फिकट रंगाची, टणक असली पाहिजेत. काळी, मऊ, वास मारणारी असतील तर संपलं. पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर रोप जुनं, पिशवीत अडकलेलं आहे, झुडूप असेल तर मुळं मोकळी करून चालतंय, पण आंबा-फणसासारखं मोठं होणारं झाड असं घेऊ नका, तो वेढा पुढं झाडालाच आवळतोय. खालच्या भोकातनं जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर विक्रेता ते तोडूनच देणार, नंतर पंधरा दिवसांत पानं गळणार.

पेरूच्या बाबतीत तर मुळं बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सूत्रकृमी नावाची बारीक कीड मुळांवर गाठी करते आणि पेरूत ती बागाच्या बागा नर्सरीतल्या रोपांमधनंच पसरलेली आहे. एकदा मातीत आली की जात नाही. मुळांवर मण्यांसारख्या फुगीर गाठी दिसल्या की पिशवी खाली ठेवा आणि चालू लागा.

कलमाचं थोडं सांगतो कारण फसवणूक इथं जास्त. हापूस म्हणून नुसतं कोयीचं रोप गळ्यात मारतात. खोडावर जोड दिसला पाहिजे, पाचराचा इंग्रजी व्ही सारखा, आणि जोडाच्या वरची फूट ताजी, वाढती असली पाहिजे. जोडाखालनं पानं फुटलेली असतील तर ती रानटी फांदी आहे, ती वाढते आणि वरचं कलम मरतंय, मग दहा वर्षांनी रायवळ आंबा खात बसा. गुलाबाचंही तेच, डोळा भरलेल्या जागेच्या खालनं आलेली फूट लगेच काढायची. जोडावरची प्लास्टिकची पट्टी जोड पक्का झाल्यावर कापून टाका, ती खोडात रुतते. आणि हो, पिशवीतल्या दोन फुटी कलमाला आंबे लटकलेले बघून जास्त पैसे देणारे लोक दरवर्षी दिसतात, कशाला ओ? एवढ्याशा झाडानं फळ धरलं की वाढ खुंटते, तो मोहर तर काढूनच टाकायचा असतोय.

कलमं खात्रीची हवी असतील तर हॉर्टिकल्चर खात्याच्या नर्सरीत चौकशी करा, बेळगाव जिल्ह्यातल्याच अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजला नाहीतर मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्राला फोन करा. आंबा-काजूसाठी वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे, गोव्याला जाताना थोडी वाट वाकडी केली की झालं.

पानं उलटी करून बघायची हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी करत नाही. कापसासारखं पांढरं म्हणजे मिलीबग कीड, बारीक जाळी आणि फिके ठिपके म्हणजे लाल कोळी. आणलेलं रोप दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, बस.

आता खत. आपला ऊसपट्टा, साखर कारखाने भरपूर, त्यामुळं मळी (प्रेसमड, उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) ढिगानं मिळते आणि नीट कुजवलेली मळी खत म्हणून उत्तमच. भानगड होते ती अर्धी कुजलेली मळी, माती आणि थोडं शेण मिसळून गांडूळखत म्हणून विकतात तेव्हा. पोत्यावर कन्नडमध्ये एरेहुळु गोब्बर असं छापलेलं असलं म्हणून आत गांडूळखतच आहे असं नाही. मागची बाजू वाचा. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे गांडूळखतात ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब (कार्बन) किमान १८ टक्के आणि नत्र (नायट्रोजन) किमान १ टक्का लागतंय. हे आकडे, बनवणाऱ्याचा पत्ता, तारीख काहीच नसेल तर ते पोतं म्हणजे नुसता भरवसा. आणि ओलावा का बघायचा, तर किलोवर विकतात ना, चिंब पोत्यात पाण्याचेच पैसे जातात.

दुकानात करायची तपासणी सोपी आहे. हात कोपरापर्यंत आत घाला, गरम लागलं तर अजून कुजतंय. मूठभर घेऊन दाबा, पाणी ठिबकायला नको. वास पावसानंतरच्या मातीचा यावा, अमोनियाचा किंवा आंबूस नको. घरी आल्यावर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन चमचे खत टाका आणि ढवळून तासभर ठेवा, तळाला वाळूचा जाड थर बसला नाहीतर पाणी लाल गढूळ राहिलं की माती मिसळलेली आहे समजा. थोडं ओलसर खत झिपच्या पिशवीत बंद करून आठवडाभर सावलीत ठेवा, पिशवी फुगली, उघडल्यावर नाक धरावं लागलं तर कच्चं आहे.

सगळ्यात भरवशाची टेस्ट मेथीची. एका वाटीत अंगणातली माती आणि दुसऱ्या वाटीत त्याच मातीत निम्मं हे खत, दोन्हीत सारखे दाणे पेरा. चार-पाच दिवसांत कळतंय. खताच्या वाटीत कमी उगवले, टोकं करपली तर ते कुंडीत घालू नका.

कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या विटेत खारेपणा असू शकतो. भिजवून, पिळून, पाणी दोन-तीनदा बदला, घरात आरओचा टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) असेल तर शेवटचं पाणी नळाच्या पाण्याच्या आसपास येईपर्यंत धुवा. खरं तर आपल्या भागात राईस मिलमधलं भाताचं तूस मिळतंय, ते मिसळलं तरी माती मोकळी राहते आणि पैसे वाचतात.

बिल मागून घ्या, वर रोपाची जात लिहून घ्या, नुसतं "प्लांट" नको. फसवलंच तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. दीडशे रुपयाच्या जास्वंदीसाठी कोण फोन करणार, पण वीस-पंचवीस कलमं घेतली असतील तर जरूर करा.

आणि खत कच्चं निघालं तर फेकू नका. कोपऱ्यात ढीग करा, थोडी वाळलेली पानं मिसळा, वरनं ताडपत्री टाका म्हणजे पावसात सत्त्व वाहून जाणार नाही, महिन्यातनं एकदा उलथा. पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या तर वेचून कोंबड्यांना घाला. दसऱ्याच्या सुमारास परत मेथी पेरून बघा, उगवली नीट तर हिवाळ्यातल्या फुलझाडांना तेच वापरा.