मराठीतून इंग्रजीत शिरणाऱ्या चुका कशा पकडाव्यात आणि कशा घालवाव्यात

मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका मराठी वाक्याच्या साच्यातून येतात. साचा सगळ्यांचा एकच, त्यामुळे नाशिकच्या विद्यार्थ्याची आणि सोलापूरच्या दुकानदाराची चूकही बहुधा एकच निघते. 'काल मी गेलो होतो' याचं 'आय हॅड गॉन येस्टरडे' दोघंही करतात. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं, कारण ते चुकीचं का, हे कुणी मराठीच्या अंगाने समजावून सांगितलेलं नसतं. चुकांची मुळं मोजकीच आहेत. व्याकरणाचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही.

1. आधी स्वतःचा मजकूर जमवा

साधारण 150 शब्दांचं काहीतरी इंग्रजीत लिहा: ऑफिसला रजेचा मेल, घरमालकाला तक्रार, कालच्या दिवसाचं वर्णन. लिहिताना डिक्शनरी, भाषांतराचं ॲप, स्पेलिंग सुधारणारं सॉफ्टवेअर असं काही वापरू नका. एक दिवस जाऊ द्या. मग कागदावर उतरवून किंवा प्रिंट काढून पेन हातात घेऊन वाचा. बोलण्यासाठी फोनवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि जसं बोललात तसंच, चुकांसकट, लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण आपण 'ॲम' आणि 'हॅड' कुठे कुठे टाकतो हे त्याशिवाय कळत नाही. बोलताना स्वतःची चूक स्वतःला ऐकू येत नाही.

2. नजरचूक आणि खरी चूक वेगळी काढा

भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलेला एक फरक इथे फार कामाचा आहे. काही चुका घाईत होतात. दुसऱ्यांदा वाचलं की आपल्याच लक्षात येतात. काही मात्र चारदा वाचूनही खटकत नाहीत, कारण आपल्या डोक्यातला नियमच तसा बसलेला असतो. पहिल्या प्रकाराला साधी खूण करा आणि पुढे जा. मेहनत दुसऱ्या प्रकारावर घ्यायची. आता अडचण अशी की जे खटकत नाही ते सापडणार कसं? त्यासाठी खालच्या जागा एकेक करून तपासायच्या. सगळं एकदम तपासायला गेलात तर निम्मं सुटतं. एका वाचनात एकच गोष्ट शोधा.

3. पहिलं वाचन: फक्त क्रियापदं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ ओढा आणि हे चार प्रश्न विचारा.

*'हॅड' आहे का?* मराठीत 'काल मी पुण्याला गेलो होतो' हे अगदी सरळ वाक्य आहे. जाऊन आलो, प्रकरण संपलं, एवढंच त्या 'होतो'ने कळतं. नुसतं 'काल मी पुण्याला गेलो' म्हटलं की ऐकणारा 'बरं, मग?' म्हणून पुढची गोष्ट ऐकायला थांबतो. इंग्रजीत तसं नाही. 'येस्टरडे' म्हटलं, की 'आय वेंट टू पुणे' एवढ्यावर वाक्य पुरं होतं. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी कोणती घडली हे दाखवायला. 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती': 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' म्हणून कसोटी अशी: त्या वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात भूतकाळातली दुसरी घटना आहे का, जिच्या आधी हे घडलं? नसेल तर 'हॅड' खोडा.

याचंच भावंड म्हणजे 'आय हॅव सेंट द मेल येस्टरडे'. 'मी काल मेल पाठवला आहे' यातला 'आहे' तिथे 'हॅव' होऊन बसतो. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019 असा संपलेला काळ वाक्यात असेल तर 'हॅव' चालत नाही. एक तर 'आय सेंट द मेल येस्टरडे' म्हणा, नाहीतर काळ काढून टाका: 'आय हॅव सेंट द मेल.'

*'सिन्स' किंवा 'फॉर' आहे का?* 'मी पाच वर्षांपासून इथे राहतोय' याचं 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होतं. यात एकाच वाक्यात दोन चुका आहेत, आणि पुष्कळ लोक 'सिन्स'चं 'फॉर' करून थांबतात. 'ॲम' तसाच राहतो. मराठीत सुरुवात मागे झाली असली तरी क्रियापद वर्तमानकाळीच असतं, म्हणून तो खटकत नाही. बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' सिन्स की फॉर, याचं उत्तर मराठीतच मिळतं. 'पासून' काढून टाकून वाक्य म्हणून बघा. 'मी पाच वर्षं इथे राहतोय' चालतं, म्हणजे 'फॉर'. 'मी 2019 इथे राहतोय' चालत नाही, म्हणजे 'सिन्स'.

*'आयएनजी' गरज नसताना लागलंय का?* 'मला समजत नाहीये' म्हणून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'मला दोन भाऊ आहेत' म्हणून 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, लाइक, बिलीव्ह, रिमेंबर, बिलाँग आणि मालकी किंवा नातं सांगणारा हॅव, ही क्रियापदं कृती दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात. त्यांना सहसा 'आयएनजी' लावायचं नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, आणि ती कृती आहे.

*'डिड'नंतर काय आहे?* 'डिड नॉट वेंट', 'डिड यू सॉ' अशा वाक्यांत भूतकाळ दोनदा आला. 'डिड'ने तो एकदा दाखवला की पुढचं क्रियापद मूळ रूपात: 'डिड नॉट गो', 'डिड यू सी'.

यातच भविष्यकाळही बघून घ्या. 'तू येशील तेव्हा फोन कर' याचं 'व्हेन यू विल कम' होतं. व्हेन, इफ, बिफोर, आफ्टर, अंटिल यांच्यानंतर वेळ किंवा अट सांगताना 'विल' येत नाही: 'कॉल मी व्हेन यू कम.'

4. दुसरं वाचन: नामं आणि त्यांच्या आधीचा शब्द

मराठीत आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारे अ, ॲन, द, नाही, त्यामुळे ते राहून गेलं तरी काही चुकलंय असं वाटतच नाही. म्हणून इथे कानावर भरवसा ठेवू नका, हिशेबाने जा. प्रत्येक नामापाशी थांबून तीन गोष्टी पाहा. मोजता येतं का? एकच आहे का? वाचणाऱ्याला नेमकं कोणतं ते माहीत आहे का? मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटं उभं राहत नाही. त्याच्या आधी अ, ॲन, द, माय, धिस, असं काहीतरी हवंच. 'आय बॉट स्कूटर' अपुरं. पहिल्यांदा उल्लेख असेल तर 'अ स्कूटर'. कोणती ते समोरच्याला कळत असेल तर 'द स्कूटर'. नद्यांना 'द' लागतो, द गोदावरी. शिखराला नाही, नुसतं कळसूबाई.

'अ' की 'ॲन' हा गोंधळ मात्र देवनागरी लगेच सोडवते. स्पेलिंग विसरा आणि शब्द देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर 'ॲन', व्यंजनाने झाली तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी' य ने सुरू होतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'आवर' आ ने, म्हणून 'ॲन आवर'. तसंच 'ॲन एमएलए', 'ॲन ऑनेस्ट मॅन', पण 'अ वन-वे रोड'.

अनेकवचनात ठरावीक शब्द अडतात. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट, लगेज, होमवर्क यांना 'एस' लागत नाही. 'तिचे केस लांब आहेत' मराठीत अनेकवचन, पण इंग्रजीत 'हर हेअर इज लाँग'. आणि 'वन ऑफ माय' म्हटलं की पुढे अनेकवचन: 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. शंका आली तर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेली डिक्शनरी उघडा. तिथे नामापुढे 'सी' किंवा 'यू' असतं. 'सी' म्हणजे मोजता येणारं, 'यू' म्हणजे न मोजता येणारं. इंग्रजी-मराठी डिक्शनरीत ही माहिती सहसा नसते.

5. तिसरं वाचन: ला, शी, वर, बद्दल

मराठी प्रत्ययाचं प्रिपोझिशनमध्ये, म्हणजे टू, ऑन, विथ अशा शब्दांत, शब्दशः रूपांतर झालं की वाक्य बिघडतं. 'त्याला विचारलं' मधल्या 'ला'चा 'टू' होतो आणि 'आस्क्ड टू हिम' तयार होतं. हवं 'आस्क्ड हिम'. 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट इट'. हवं 'डिस्कस्ड इट'. 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी'. हवं 'अँग्री विथ मी'. 'तिच्याशी लग्न झालं' म्हणून 'मॅरिड विथ हर'. हवं 'मॅरिड टू हर'. 'घरी पोचलो' हे 'रीच्ड टू होम' नाही, 'रीच्ड होम'. उलट दिशेनेही चुकतं. 'गाणी ऐकतो' मध्ये प्रत्यय नाही म्हणून 'लिसन साँग्ज' होतं, तिथे 'टू' हवा: 'लिसन टू साँग्ज'. 'मला समजावून सांग' हे 'एक्स्प्लेन मी' नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी'.

याला एक नियम नाही, आणि तो शोधत बसणं व्यर्थ आहे. क्रियापद त्याच्या प्रिपोझिशनसकट, एका पूर्ण वाक्यात पाठ करायचं. 'डिपेंड' असं लिहू नका. 'इट डिपेंड्स ऑन द रेन' असं लिहा.

6. चौथं वाचन: प्रश्न आणि मराठीतून जसेच्या तसे आलेले शब्द

मराठीत 'तो कुठे राहतो?' हा प्रश्न मोठ्या वाक्यात गेला तरी शब्द जागेवरच राहतात: 'तो कुठे राहतो मला माहीत नाही.' इंग्रजीत प्रश्नाचा क्रम वेगळा आणि पोटवाक्याचा वेगळा. 'व्हेअर डज ही लिव्ह?' पण 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज.' म्हणून 'टेल मी व्हेअर इज द स्टेशन' चूक, 'टेल मी व्हेअर द स्टेशन इज' बरोबर.

'च'चा 'ओन्ली' करू नका. 'मी आजच आलो' याला 'आय केम जस्ट टुडे' किंवा नुसतं 'टुडे'वर आवाजाचा जोर पुरतो. 'आय केम टुडे ओन्ली' नको. 'पंखा बंद कर' म्हणजे 'टर्न ऑफ द फॅन', 'क्लोज' दारासाठी. 'हळूहळू' म्हणजे 'स्लोली', एकदाच.

7. उच्चारातल्या तीन जागा

मराठी उच्चारात इंग्रजी बोलणं ही चूक नाही. समजण्यात घोटाळा होतो तेवढंच सुधारा. पहिली जागा 'व': वाइन, वेस्ट, वेट यांना ओठ गोल करा, दात लावू नका, व्हेरी, व्हेस्ट, व्हॅन यांना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि हवा घासत सोडा. 'व्ह' लिहिलंय म्हणून 'ह' उच्चारू नका. दुसरी, 'ॲ' आणि 'ऑ': स्नॅक्स आणि स्नेक्स, हॉल आणि होल वेगळे ऐकू आले पाहिजेत. तिसरी, भूतकाळाचा 'ईडी'. क, प, फ, स, श, च यांच्यानंतर तो 'ट' होतो: वॉक्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, वॉश्ट. ट आणि ड नंतर 'इड': वाँटिड, नीडिड. बाकी ठिकाणी नुसता 'ड': प्लेड, कॉल्ड. 'लुकेड', 'आस्केड' हे स्पेलिंग वाचल्यामुळे होतं.

8. काय सोडून द्यावं

'प्रीपोन', 'कझिन ब्रदर', 'आउट ऑफ स्टेशन', 'डू द नीडफुल' यांच्यामागे लागू नका. भारतात हे सगळ्यांना कळतं. परदेशी मेल किंवा परीक्षा असेल तेव्हाच बदला. आयएल्ट्स या परदेशात जाण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या गुणांत व्याकरणाला 25 टक्के वजन आहे, आणि तिथे 'हॅड', 'सिन्स', आर्टिकल यांच्या चुका वारंवार होत राहिल्या तर गुण कमी होतात.

9. सवय कशी बसवावी

एका आठवड्याला एकच चूक घ्या. सुरुवात 'हॅड'ने करा, कारण ती सापडायला सोपी. वहीत चुकीचं वाक्य लिहून ठेवू नका, वाचून वाचून तेच डोक्यात बसतं. डाव्या बाजूला मराठी वाक्य लिहा, उजव्या बाजूला बरोबर इंग्रजी. रोज पाच मराठी वाक्यं बघून, उजवी बाजू झाकून, इंग्रजी मोठ्याने म्हणा. वाक्यं स्वतःच्या कामातली असू द्या; दुकानदाराने मालाची, नर्सने पेशंटची. सॉफ्टवेअर वापरायचं तर चारही वाचनं संपल्यावर वापरा, आणि त्याने बदललेल्या प्रत्येक जागी का बदललं हे सांगता येतं का ते पाहा. सांगता आलं नाही, तर ती जागा पुढच्या आठवड्याची.

बोलताना मात्र या तपासण्या करू नका, जीभ अडखळते. बोलून घ्या, रेकॉर्ड करा, तपासणी नंतर. आठवडाभर घोटलेली चूक रेकॉर्डिंगमध्ये एखाद-दुसऱ्या वेळी दिसली तर पुढच्या चुकीकडे वळा. अजून जागोजागी दिसत असेल तर तीच आणखी एक आठवडा ठेवा.