डाळिंबाच्या सालीची जीवाणूरोधक चाचणी कशी करावी

जुलाबावर डाळिंबाची साल देण्याची पद्धत जुनी आहे. प्रयोगशाळेत हात बसवायलाही ही साल उत्तम, कारण तिच्यातल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूवर परिणाम सहसा स्पष्ट दिसतो. पण साल कुठून आणली, हे आधी बघा. बागांमध्ये तेल्या या जीवाणूजन्य रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन आणि बोर्डो मिश्रण फवारलं जातं. प्रतिजैविकाचा किंवा तांब्याचा अंश सालीवर राहिला, तर प्लेटवर उमटलेला झोन (जीवाणू न वाढलेलं वर्तुळ) डाळिंबाचा की फवारणीचा, हे कळायला मार्ग नाही. म्हणून परसातल्या, न फवारलेल्या झाडाची फळं घ्या. जात, गाव आणि तोडणीची तारीख वहीत नोंदवा.

साल धुऊन, तुकडे करून काडकन मोडेपर्यंत सावलीत वाळवा. दळून चाळा. 10 ग्रॅम पूड 100 मिली 70 टक्के इथेनॉलमध्ये 24 तास शेकरवर ठेवा, व्हॉटमन नंबर 1 मधून गाळा आणि 40 अंश सेल्सिअसला पूर्ण आटवा. दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबा. अर्कात अल्कोहोल राहिलं तर तेच जीवाणू मारेल. सुका अर्क डीएमएसओ या द्रावकामध्ये 100 मिग्रॅ प्रति मिली विरघळवा. नुसतं ‘10 टक्के अर्क’ लिहिलं तर किती द्रव्य विहिरीत (आगरमध्ये पाडलेल्या भोकात) गेलं ते कोणालाच समजत नाही.

जीवाणू ओळख पटलेले, एटीसीसी या संग्रहातल्या क्रमांकाचे हवेत: स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी 25923 आणि ई. कोलाय एटीसीसी 25922. जैवसुरक्षेची सोय नसलेल्या कॉलेजात ऑरियसऐवजी बॅसिलस सबटिलिस वापरा. वापरलेल्या प्लेट टाकण्याआधी 121 अंशांना 30 मिनिटं ऑटोक्लेव्ह करा.

म्युलर-हिंटन आगर (जीवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) लिटरला 38 ग्रॅम. 90 मिमी प्लेटमध्ये 25 मिली ओता, थर 4 मिमी येतो. थर पातळ झाला तर झोन उगाच मोठा दिसतो. सलाइनमधलं जीवाणूंचं मिश्रण 0.5 मॅकफारलँड या गढूळपणाच्या मापाशी जुळवा (625 नॅनोमीटरला शोषण 0.08 ते 0.13) आणि 15 मिनिटांच्या आत स्वॅबने आगरवर पसरा, प्लेट 60-60 अंश फिरवून तीनदा. मग 6 मिमी कॉर्क बोररने विहिरी पाडा. आगरची चकती ओढून काढताना तळ सुटतो, अर्क आगरखाली पसरतो आणि झोन वेडावाकडा येतो. विहिरीच्या तळाला वितळलेल्या आगरचा एक थेंब सोडला की हे थांबतं.

एका विहिरीत 50 मायक्रोलिटर अर्क, दुसरीत तेवढंच नुसतं डीएमएसओ, शिवाय 10 मायक्रोग्रॅम जेंटामायसिन या प्रतिजैविकाची डिस्क. अर्धा तास तशीच ठेवून 35 अंशांना 16 ते 18 तास उबवा. जेंटामायसिनचा झोन ऑरियसवर 19 ते 27 आणि ई. कोलायवर 19 ते 26 मिमीच्या बाहेर गेला, तर ती प्लेट बाद. डीएमएसओभोवती झोन आला तरी बाद. व्यास विहिरीसकट मोजतात, म्हणून 6 मिमी म्हणजे शून्य. अर्काचा सामूही (पीएच) तपासा. तो फार आम्लधर्मी असेल तर सामू 7 करून चाचणी पुन्हा घ्या.

झोनवरून ‘डाळिंब कडुनिंबापेक्षा प्रभावी’ असा निष्कर्ष काढू नका. आगरमधून कोणतं द्रव्य किती सरकतं, यावरही झोन ठरतो. तुलना करायची तर एमआयसी (वाढ रोखणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण) काढा, खरी माहिती तिथे मिळते. अर्क ब्रॉथमध्ये (जीवाणू वाढवायच्या द्रव माध्यमात) 4 मिग्रॅ प्रति मिलीवर आणा. 96 खान्यांच्या प्लेटमध्ये आठ खान्यांत 100 मायक्रोलिटर ब्रॉथ भरा, पहिल्यात 100 अर्क घालून पुढे 100-100 सरकवत न्या, शेवटचे 100 फेकून द्या. मॅकफारलँडचं मिश्रण 150 पट पातळ करून प्रत्येकात 100 घाला. पहिल्या खान्यात अर्क 1000 मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि डीएमएसओ 1 टक्का उरतं, आठव्यात अर्क 7.8 मायक्रोग्रॅम.

प्लेट तशीच उबवून दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन हा रंग घाला: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. सालीचा अर्क तपकिरी असतो आणि टॅनिन स्वतःच रंग बदलवू शकतं, म्हणून जीवाणूंशिवाय नुसत्या अर्काची एक ओळ शेजारी हवीच. तीही गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका. प्रत्येक खान्यातले 5 मायक्रोलिटर अर्क नसलेल्या म्युलर-हिंटन आगरवर टाकून वाढ येते का ते पाहा. त्यातून अर्काने जीवाणू मारले की फक्त रोखून धरले, तेही कळेल.