हॅमॉकमध्ये पाठीला गार लागतं? पांघरूण वाढवू नका, खालचा बंदोबस्त करा

दिवाळी सरली की बेळगावजवळच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात आणि पलीकडे चंदगडच्या बाजूला तंबू-हॅमॉकवाल्यांची गर्दी वाढते (हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी). पाऊस थांबलेला, आकाश मोकळं, डास कमी. आणि मग पहाटे चारच्या सुमाराला झाडाझाडांतून एकच तक्रार ऐकू येते, "वर दोन चादरी हाईत, तरी खालनं गारठा येतोय की!"

या तक्रारीवर तिसरी चादर हा इलाज नाही. कोणतंही पांघरूण ऊब देतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. कापूस, लोकर, पिसं, पॉलिस्टर ही नुसती हवा धरून ठेवायची साधनं आहेत. स्लीपिंग बॅगवर तुम्ही झोपता तेव्हा तुमच्या वजनानं खालचं भरण चपटं होतं, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीखाली दोन पातळ कापडांपलीकडे काही उरत नाही. जमिनीवर झोपलात तर निदान खालून वारा तरी येत नाही. हॅमॉकखाली मोकळी हवा सतत वाहत असते आणि पाठीची ऊब घेऊन जाते. त्यामुळे तापमान 20 अंशांच्या खाली उतरलं की बहुतेकांना खालून गार लागायला सुरुवात होते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर, कणकुंबीचा माथा त्याहून थोडा वर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे 12 ते 14 अंश ही इथली नेहमीची गोष्ट, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. म्हणजे हिमालयात जायची गरज नाही, खानापूर तालुक्यातही दात वाजू शकतात.

उपाय दोनच. एक, वजनानं चपटं न होणारं काहीतरी पाठीखाली घालायचं, म्हणजे फोमची मॅट. दोन, ऊबदार थर हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगायचा, म्हणजे त्यावर वजनच पडत नाही. याला अंडरक्विल्ट म्हणतात. बाकी सगळं या दोहोंना मदत करणारं.

आधी जागा

सामानाआधी जागा बघा, कारण वाईट जागेवर चांगलं सामानही हरतं. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली सरकून ओढ्यात, नाल्यात, खोलगट शेतात साचते. राकसकोप किंवा हिडकलच्या पाण्याकाठी संध्याकाळी फोटो सुंदर येतात, पण झोपायला काठापासून थोडं वर, उताराच्या मधल्या भागात या. अगदी माथाही नको, तिथे वारा. हिवाळ्यात इथला पहाटेचा वारा बहुधा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्वेला दगडी गडगा, करवंदीची जाळी किंवा उंच बांध असेल तर अर्धं काम झालं.

झाड जिवंत आणि पक्कं हवं, बुंधा निदान 15 सेंटिमीटर जाड. आंबा, जांभूळ उत्तम. निलगिरीखाली नको, तिच्या फांद्या वाऱ्याशिवायही पडतात. काजू बुटका, फांद्या जमिनीलगत, टांगायला गैरसोयीचा. दोरी थेट सालीला बांधू नका, निदान अडीच सेंटिमीटर रुंद पट्टे वापरा.

शेत असेल तर मालकाला विचारून राहा, बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात, वर चहाही देतात. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. तिथे अस्वलं आहेत, गवे आहेत आणि झोळीत अडकलेला माणूस पटकन उठून पळू शकत नाही.

टांगायचं कसं

पट्टा झाडापासून हॅमॉककडे उतरताना जमिनीशी साधारण 30 अंशांचा कोन व्हायला हवा. ताणून सरळ बांधलं तर कडा खांद्यांना आवळतात आणि आवळलेल्या जागी कोणतंही भरण दबतं, म्हणजे तिथे गार लागणार. बसल्यावर बूड जमिनीपासून 40-45 सेंटिमीटरवर राहील इतकीच उंची ठेवा. खाली वारा कमी लागतो आणि पडलात तरी हसण्यावारी जातं.

झोपताना नाकासमोर सरळ नको, तिरकं झोपा: डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे, पाय उजवीकडे, किंवा उलट. अंग जवळजवळ सपाट होतं. यासाठी हॅमॉक लांब लागतो, 3 मीटरहून जास्त. बाजारात मिळणारे स्वस्त, आखूड हॅमॉक दुपारच्या डुलकीसाठी ठीक, रात्रीसाठी नाहीत.

स्वस्त मार्ग: मॅट

पहिल्यांदाच जात असाल तर इथूनच सुरुवात करा, महागडा अंडरक्विल्ट घेऊ नका. 8 ते 10 मिलिमीटर जाडीची, बंद पेशींच्या फोमची मॅट घ्या. दुकानात ईव्हीए किंवा एक्सएलपीई फोम म्हणून विचारा. घरातली पीव्हीसीची योगा मॅट जड असते, घसरते आणि तिच्यात हवा फारशी नसते. तिच्या भरवशावर राहू नका.

मॅटची खरी अडचण रुंदी. 60 सेंटिमीटरची पट्टी जमिनीवर पुरते, पण हॅमॉकच्या बाजू वर येऊन खांद्यांना आणि दंडांना चिकटतात. तिथे नुसतं कापड, म्हणून तिथूनच गारठा शिरतो. त्यावर साधा उपाय: आणखी एका मॅटमधून सुमारे 100 बाय 40 सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि खांद्यांखाली आडवा घाला. दोन्ही बाजूंनी तो वर वळतो आणि खांदे झाकतो. बहुतेक लोक हा तुकडा टाळतात आणि मग मॅटला नावं ठेवतात.

मॅट रात्रभर सरकत राहते. दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर ती दोन थरांच्या मध्ये सरकवा, प्रश्न मिटला. एकेरी असेल तर मॅट स्लीपिंग बॅगच्या आत घाला. हवा भरायची मॅट असेल तर ती पूर्ण फुगवू नका, अर्धी-पाऊण ठेवा, नाहीतर तिच्यावरून घसरून खाली पडाल.

फोममधून घाम जात नाही, त्यामुळे पहाटेपर्यंत पाठ दमट होते. मॅटवर सुती चादर घातली तर ती ओल धरून गार पडते. त्याऐवजी पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार पॉलिस्टर कापड, घाला. घोंगडं तर सगळ्यात चांगलं. आपल्या भागातली धनगरी घोंगडी राठ असतात, टोचतात, पण लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि वजनाखाली कापसाइतकी चेपत नाही. पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याला हे ओझं नको वाटेल, पण मोटारसायकलवरून किंवा गाडीनं जाणाऱ्यानं मागे ठेवायचं कारण नाही.

चांगला मार्ग: अंडरक्विल्ट, घरीच

विकतचा अंडरक्विल्ट महाग पडतो आणि बऱ्याचदा परदेशी असतो. शिवणयंत्र चालवता येत असेल तर एका दुपारचं काम आहे.

हलका, सिंगल बेडचा, पॉलिस्टर भरणाचा कम्फर्टर, म्हणजे पातळ रजई, घ्या, दुकानदार त्याला एसी कम्फर्टर म्हणतात. साधारण 150 बाय 220 सेंटिमीटरचा मिळतो. भरण दर चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम असेल तर आपल्या हिवाळ्याला पुरे. वरचं कापड घट्ट विणीचं आणि गुळगुळीत बघा, त्यातून वारा कमी जातो. पिसांचं भरण हलकं आणि फार ऊबदार असतं, पण ओलं झालं की गोळा होतं आणि निकामी ठरतं. चोर्ल्याच्या धुक्यात किंवा पावसाळ्यात पॉलिस्टरच बरं.

1. चारही कडा आत दुमडून 3 सेंटिमीटरचा नेफा शिवा, कोपरे उघडे ठेवा. दुमडण्याआधी कडेचं भरण थोडं कातरून काढलं तर सुई अडकत नाही.
2. दोन आखूड नेफ्यांतून 3 मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी घाला आणि तिला सरकतं कुलूप (जॅकेटच्या नाडीला असतं तसं दाबायचं बटण) लावा, म्हणजे टोकं नाडी ओढून आवळता येतील.
3. दोन लांब नेफ्यांतून बंजी दोरी, म्हणजे ताणली जाणारी रबरी दोरी, ओवा, 3-4 मिलिमीटरची. प्रत्येक बाजूला कम्फर्टरपेक्षा एक-दीड मीटर जास्त सोडा.
4. बंजीची दोन्ही डोक्याकडची टोकं एका हुकाला, पायाकडची दुसऱ्या हुकाला. हे हुक हॅमॉकच्या दोन टोकांना अडकवा.

नाडी, कापड, कम्फर्टर बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत मिळेल, निपाणीतही. बंजीच्या जागी घरातलं इलॅस्टिक वापरू नका. रात्रीतून ते सैल पडतं आणि ही रजई, म्हणजे आपला अंडरक्विल्ट, जमिनीला टेकते.

बंजीच का? तुम्ही आत शिरलात की हॅमॉक खाली जातो. बंजी ताणून रजई त्याच्यामागे जाते, कूस बदलली तरी सोबत राहते.

आईची वाकळ टांगून काम होईल का, हे बरेच जण विचारतात. जुन्या लुगड्यांची वाकळ वर पांघरायला झकास, खाली टांगायला वाईट. वजनानं लोंबते, दव पिते आणि सकाळी दुप्पट जड होते. पलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका शिवतात त्या कवंदीचंही (तीही गोधडीच) तेच, देखणी आहे, पण तिची जागा वर.

बसवणं: खरं काम इथेच आहे

रजई टांगली म्हणजे झालं असं नाही. आधी आत शिरा, तिरके झोपा, नेहमीच्या स्थितीत या. मग कंबरेखाली, हॅमॉक आणि रजई यांच्यामध्ये हात घाला. हात सहज आत जायला हवा आणि दोन्हीकडे स्पर्श व्हायला हवा. खाली पोकळी लागली तर गार हवा तिथे फिरणार, म्हणजे बंजी घट्ट करा. हात शिरतच नसेल तर भरण चेपलंय, बंजी सैल करा. नवखे लोक बहुधा ती घट्ट ओढतात, कारण घट्ट म्हणजे ऊबदार असं वाटतं. इथे ते उलटं आहे.

मग दोन्ही टोकांच्या नाड्या आवळा. टोकं उघडी राहिली तर वारा एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघतो आणि रजई असून नसल्यासारखी.

तुम्ही तिरके झोपला आहात, तेव्हा रजईही थोडी तिरकी सरकवा. आडवे झाल्यावर सोबत्याला बाहेरून बघायला सांगा, आतून हे नीट कळत नाही.

रात्री जाग आली तर गार कुठे लागतंय ते आधी ठरवा. सगळ्या पाठीला सारखं लागत असेल तर खाली पोकळी आहे. खांदा किंवा ढुंगण एवढ्याच ठिकाणी लागत असेल तर तिथे भरण चेपलंय, किंचित सैल करा. मानेपाशी वारा जाणवत असेल तर डोक्याकडची नाडी सुटलीय. फक्त पोटऱ्या आणि टाचा गार असतील तर रजई डोक्याकडे सरकलीय. ती खाली ओढायचा कंटाळा आला तर फोमचा उरलेला तुकडा टाचांखाली घाला. आणि मध्यरात्रीपर्यंत ठीक, पहाटे एकदम गारठा, असं झालं तर रजईला दोष देऊ नका. पहाटे तापमान सगळ्यात कमी असतं आणि पोटातलंही संपलेलं असतं.

वारा, पोट आणि विस्तव

ताडपत्री किंवा टार्प निदान 3 बाय 3 मीटरचा हवा आणि वाऱ्याकडची बाजू जवळजवळ जमिनीपर्यंत उतरवा. पाऊस नसला तरी लावा, दव आणि वारा दोन्ही अडतात. पण चारही बाजू बंद करू नका, श्वासाची वाफ साचून सगळं दमट होतं. चंदेरी इमर्जन्सी शीट रजईखाली लावायची युक्ती बरेच जण सुचवतात. वारा अडतो हे खरं, पण तिच्यातून वाफ जात नाही आणि पहाटे रजईच्या आत थेंब जमतात. लावायचीच असेल तर बाजू मोकळ्या ठेवा.

दिवसाचे घामट कपडे बदलून कोरडे घाला, मोजेसुद्धा. झोपण्याआधी थोडं तेलकट-तुपकट खा: शेंगदाणे-गूळ, चपातीला तूप. बेळगावचा कुंदाही चालतो, अर्थात झोपेपर्यंत शिल्लक राहिला तर. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात गुंडाळून मांड्यांमध्ये ठेवा.

हॅमॉकखाली शेगडी किंवा निखारे कधीही ठेवू नका. नायलॉन वितळतं, ठिणगीनं पेटतं आणि टार्पखाली कोंडलेला कोळशाचा धूर जीव घेऊ शकतो. या धुरातला घातक वायू वास देऊन सावध करत नाही.

सकाळी ऊन आलं की रजई उलटी करून तासभर फांदीवर टाका, मगच गुंडाळा. घरी आल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नका. भरण कायमचं बसतं आणि पुढच्या मोसमात तीच रजई निम्मी ऊब देते. कपाटावर सैल पसरून ठेवा, किंवा एखाद्या मोठ्या उशीच्या अभ्र्यात.