सप्लिमेंट चालू आहे पण रिपोर्ट जैसे थे? या चुका टाळा

आयर्नची गोळी महिनाभर घेतली तरी हिमोग्लोबिन काही वर सरकत नाही, अशी तक्रार असेल तर आधी गोळी कधी आणि कशाबरोबर घेताय ते बघा. सकाळी चहाबरोबर घेतली की चहातलं टॅनिन ते लोह धरून ठेवतं, रक्तात फारसं जातच नाही, आणि सोबत कॅल्शियमची गोळी पण गिळली तर अजूनच पंचाईत कारण कॅल्शियमसुद्धा लोहाचं शोषण अडवतं. आयर्न शक्यतो रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासा-दीड तासाने, कॅल्शियम दुपारी नाहीतर रात्री. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून बरेच जण मधेच गोळी सोडतात, पण आयर्नने तसं होतंच. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि आयर्न-कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यात किमान ४ तास ठेवा, नाहीतर तिचाही परिणाम कमी होतो.

आता कॅल्शियमची स्ट्रिप उलटी करून वाचा. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात एलिमेंटल कॅल्शियम (म्हणजे त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम) ५०० मिग्रॅ, खरा हिशोब त्या ५०० चा. कार्बोनेट पचायला पोटातलं ॲसिड लागतं म्हणून ते जेवणासोबतच. फिश ऑइलचंही तेच, १००० मिग्रॅच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए (म्हणजे कामाचे ओमेगा-३) मिळून बहुतेकदा ३०० च्या आसपास, बाकी नुसतं तेल.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती व्हिटॅमिन डी३ च्या पुड्यांची. ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्याला एक, ठराविक आठवडेच असते, पण लोक रोज घेतात किंवा कोर्स संपला तरी मेडिकलमधून परस्पर आणत राहतात. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, अति झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, किडनीला त्रास, इथवर जातं. ठरलेली पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्या, स्निग्ध पदार्थासोबत ती नीट लागू पडते. (बहुतेक डी३ मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनतं, कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.)

व्हिटॅमिन बी१२ साठी स्पिरुलिनावर (शेवाळाची हिरवी पावडर) भरवसा नको, त्यातलं बरंचसं शरीराला वापरताच येत नाही. आणि घरात कोणी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (शुगरची गोळी, हिने बी१२ कमी होऊ शकतं) घेत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर ते शुगरमुळेच असं धरून बसू नका, एकदा बी१२ तपासा, मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करायची नाही.