आडवा वारा आणि बाईक: हायवेवर या चुका टाळा

डावीकडून सणसणीत वारा होता. अर्धा तास मी बाईक डावीकडे किंचित कलती ठेवून सरळ चालवत होतो आणि 'जमलं की आपल्याला' अशा खुशीत होतो. डाव्या लेनमध्ये एक लांबलचक कंटेनर होता, त्याला ओव्हरटेक करायला निघालो. त्याच्या मागच्या चाकांशी पोचलो आणि वारा बंद. कोणी दार लावावं तसा. कललेली बाईक थेट कंटेनरच्या चाकांकडे वळायला लागली, चाकावरचे नट मोजता येतील इतकी जवळ. सावरतोय न सावरतोय तोच कंटेनरच्या तोंडापुढे निघालो आणि वाऱ्याने असा रट्टा दिला की बाईकसकट लेनच्या उजव्या पट्ट्यावर. नशिबाने उजवीकडे कोणी नव्हतं.

वारा जोराचा पण एकसारखा असेल तर अंग पाच-दहा मिनिटांत त्याला सरावतं. गोत्यात आणतात ते त्यातले बदल: अचानक आलेला झोत, अचानक पडलेला खंड. खालच्या बहुतेक चुका या बदलाच्या क्षणी होतात, आणि पहिली तर जवळजवळ प्रत्येकजण करतो.

हँडल घट्ट आवळून धरणं

झोत लागला की भीती वाटते, भीती वाटली की मुठी आवळल्या जातात, कोपर ताठ होतात, खांदे कानाला लागतात. मग वाऱ्याने तुमच्या छातीला, हेल्मेटला दिलेला प्रत्येक धक्का ताठ हातांतून सरळ हँडलमध्ये उतरतो. बाईक डुलते, तुम्हाला वाटतं वारा डुलवतोय. निम्मं डुलणं तुमचंच असतं.

धरायचं ते मांड्यांनी. गुडघे टाकीला चिकटवा, पाठ थोडी पुढे झुकवा, कोपर ढिले सोडा. ते ढिले आहेत का, हे तपासायचं तर चालत्या गाडीवर पक्ष्याच्या पंखांसारखे एकदा हलवून बघा. हलत नसतील तर आवळलेले आहेत. खाली वाकल्याने वाऱ्याला सापडणारं अंगही कमी होतं.

सावरायचं कसं? डावीकडून वारा येत असेल तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. वाचताना उलटं वाटतं, पण त्याने बाईक डावीकडे, म्हणजे वाऱ्यावर कलते, आणि कललेल्या अवस्थेत सरळ जात राहते. वारा उजवीकडून असेल तर उजवी मूठ. वाऱ्याकडची मूठ पुढे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दाब तळहाताचा हवा, झटका नको. आणि वारा पडला की तो दाब तितक्याच पटकन काढता यायला हवा. ताठ हातांना नेमकं तेच जमत नाही.

वाऱ्याकडचा गुडघा बाहेर काढण्याची युक्ती काहीजण सांगतात. मला स्वतःला तिचा फारसा फरक जाणवलेला नाही. टाकी धरलेला गुडघा मला जास्त कामाचा वाटतो.

वेगाबद्दलचे दोन गैरसमज

पहिला गैरसमज: वेग असला की चाकं स्थिर राहतात, म्हणून दामटत राहायचं. चाकं स्थिर राहतात हे खरं, पण हिशेब तिथे संपत नाही. तुम्ही ताशी ८० किलोमीटरने जाताय आणि बरोबर आडवा ४० चा वारा आहे, तर अंगावर हवा येते ती जवळपास ९० च्या वेगाने आणि समोरून सुमारे २७ अंश तिरकी. तुम्ही वेग वाढवाल तसा हा एकूण मारा वाढत जातो. त्याच वाऱ्यात १०० वरून ७० वर आलात तर आडवा जोर ढोबळमानाने पाव हिश्शाने उतरतो. शिवाय १०० ला तुम्ही सेकंदाला २८ मीटर पुढे जाता, ७० ला १९. झोत बसल्यापासून हात हलेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात किती रस्ता सरकून गेला याला मोल आहे.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट: घाबरून ३०-३५ वर येणं. एवढ्या कमी वेगाला बाईक स्वतःहून तितका तोल धरत नाही आणि मागून येणाऱ्या गाड्या तुमच्यावर चढतात. मधला वेग धरा, एक गिअर खाली ठेवा म्हणजे इंजिनाची ओढ हाताशी राहते. झोत लागल्यावर थ्रॉटल एकदम सोडू नका, पुढचा ब्रेक तर दाबूच नका. आधी बाईक लेनमध्ये आणा, वेगाचं नंतर बघा.

ट्रकच्या आडोशात बेसावध शिरणं

सुरुवातीला सांगितलेली माझी फजिती ही. उंच गाडी वाऱ्याच्या बाजूला असेल तर तिच्या आडोशाला वारा नसतो, आणि तुम्ही मात्र त्या नसलेल्या वाऱ्यावर कललेले असता. परिणामी बाईक ट्रककडे वळते. पुढे निघताना उलटं: ट्रक स्वतःच्या तोंडासमोरची हवा बाजूला फेकत असतो, ती आणि अडलेला वारा दोन्ही एकदम भेटतात.

म्हणून ओव्हरटेक करायचा तर तिघांत अंतर लागतं: ट्रक, तुम्ही आणि पलीकडची कड. लेनच्या ट्रकपासून लांबच्या भागात राहा. आडोशात शिरायच्या आधीच मनाशी म्हणा, 'आता दाब काढायचाय', आणि केबिनजवळ पोचताना 'आता परत द्यायचाय'. माहीत असलेला झोत निम्मा वाटतो. ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका, पण सुसाट निघून जाण्याच्या नादात पुढच्या रट्ट्याला जास्तीच्या वेगाने सामोरेही जाऊ नका. पलीकडे जागा नसेल तर मागे थांबा. मागे थांबायचं तेही लांब, कारण ट्रकच्या पाठीमागची हवा गरागरा फिरत असते आणि डोकं हेल्मेटसकट गदागदा हलतं.

रिकामा उंच ट्रक सोसाट्याच्या वाऱ्यात स्वतःच उलटू शकतो. तो ज्या बाजूला उलटेल तिथे आपण नसलेलं बरं.

ट्रक पुढे जाऊन घडवतो तेच रस्त्याच्या बाजूच्या गोष्टी जागच्या जागी घडवतात. डोंगर फोडून काढलेल्या रस्त्याचं टोक, बोगद्याचं तोंड, पुलाची सुरुवात, आवाज अडवणाऱ्या भिंतीतली फट, झाडांची रांग संपते ती जागा. या सगळ्या ठिकाणी वारा दार उघडल्यासारखा येतो. नजर लांब ठेवली तर आधीच कळतं: गवत कुठल्या दिशेला लोळतंय, धूळ कशी पळतेय, पुढच्या ट्रकची ताडपत्री कुठे फडफडायला लागली, पुढचा बाईकवाला कुठल्या जागी सरकला. तुम्हीही त्याच जागी सरकणार आहात.

लेनच्या चुकीच्या भागात चालणं

वारा ज्या बाजूला ढकलतो तिकडे जागा जास्त हवी. म्हणजे लेनच्या मध्यापासून थोडं वाऱ्याच्या बाजूला. अगदी कडेला मात्र नको, कारण वारा पडला की बाईक नेमकी तिकडेच जाते.

'माझी बाईक जड आहे, मला काही होत नाही'

वजनाइतकाच प्रश्न वाऱ्याला किती पृष्ठभाग सापडतो याचा असतो. मोठ्या फेअरिंगची (पुढच्या-बाजूच्या आवरणाची), उंच काचेची, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली जड टूरिंग बाईक शिडासारखी वागू शकते, तर साधी उघडी बाईक हलकी असूनही बरी सुटते. हँडललाच बसवलेली काच वाऱ्याचा धक्का थेट हँडलला देते, चासीला बसवलेली तसं करत नाही. मागचा टॉप बॉक्स सगळ्यात अडचणीचा. तो उंच असतो, मागच्या चाकाच्याही मागे असतो, आणि भरला की पुढचं चाक हलकं होतं. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला, पेट्यांमध्ये दोन्हीकडे सारखं. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, हातमोजे, बस.

फडफडणारं जॅकेट, सॅकचे लोंबणारे पट्टे, हेल्मेटची पुढे आलेली चोच, हे सगळं निघण्याआधी आवरायचं. चोच काढता येत असेल तर काढाच, मान दुखायची थांबेल. मागे कोणी बसणार असेल तर त्यांना आधीच सांगा: जवळ बसा, बाईक कलली तर तिच्याबरोबर कला, विरुद्ध बाजूला झुकून तोल सांभाळायला जाऊ नका.

दोष वाऱ्याचा की बाईकचा?

वारा थांबल्यावरही बाईक डुलत असेल, हँडल थरथरत असेल, तर वाऱ्याच्या नावावर खपवू नका. आधी थंड टायरमधली हवा तपासा. ती कमी असेल तर बाईक डळमळते. मग सामान काढून पाहा, त्याने फरक पडला तर कारण सापडलं. तरीही थरथर राहिली तर मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खाच असल्यासारखं अडकत असेल, किंवा फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवल्यावर खटखट होत असेल, तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळातली बेअरिंग, बघायची वेळ झाली. मागचं चाक आडवं हलवून स्विंग आर्ममध्ये (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यात) खेळ आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या. ही दुखणी शांत हवेत लपून राहतात, वारा त्यांना उघडं पाडतो.

अंदाजातला चुकीचा आकडा बघणं

हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचे दोन आकडे असतात, सरासरी वेग आणि झोतांचा वेग. आपण पहिला बघून निघतो. बघायचा दुसरा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांतलं अंतर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० चा वारा झोतात ६० झाला तर वेग दीडपट, पण दाब सव्वादोनपट. वाऱ्याचा जोर क्रमांकांनी सांगणाऱ्या बोफोर्ट मापात ताशी ३९ ते ४९ किलोमीटरला ६ क्रमांक आहे: झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरवत नाही. ५० ते ६१ ला ७: अख्खी झाडं हलतात. ६२ पासून ८ सुरू होतो, डहाळ्या मोडून पडतात. माझ्यापुरतं, अख्खं झाड हलताना दिसलं की मी चहाची वेळ झाली असं ठरवतो. जमिनीवर वारा बहुधा दुपारी वाढतो आणि पहाटे शांत असतो, त्यामुळे निघायची वेळ बदलूनही बरंच काम होतं.

आणि वाटेत, सावरूनही बाईक लेनची पूर्ण रुंदी खायला लागली, तर तो थांबायचा इशारा. झाडाखाली किंवा होर्डिंगखाली नको, भक्कम इमारतीच्या आडोशाला थांबा.

थांबताना आणि थांबल्यावर

सवयीने आपण ठरलेला पाय टेकवतो. वाऱ्यात वारा ढकलतो त्या बाजूचा पाय टेकवायचा: डावीकडून वारा असेल तर उजवा, आणि उभे असाल तोपर्यंत पुढचा ब्रेक धरून ठेवायचा. उभी बाईक चालत्या बाईकपेक्षा सहज आडवी होते.

लावताना मेन स्टँड नको, साइड स्टँडच बरा. पण वारा स्टँडच्या बाजूने येत असेल तर तो बाईक उचलून पलीकडे पाडतो. तेव्हा बाईक फिरवून अशी लावा की वारा तिला स्टँडवर दाबेल. पहिला गिअर टाका, हँडल स्टँडच्या बाजूला वळवून लॉक करा. हेल्मेट सीटवर ठेवून वळू नका, तुम्ही चार पावलं जायच्या आत ते रस्त्यावर गडगडत असेल.